एकाच हाती सर्व किल्ल्या नकोत : फाइल-हस्तांतरण प्रणालीतील प्रशासकीय अधिकारांची विभागणी

कृषी संशोधनाचे काम जितके शिवारात चालते, तितकेच आज ते फाइलींच्या प्रवासातही चालते. वाणचाचण्यांचे आकडे, मृदा सर्वेक्षणाचे नकाशे, कीड-रोगांची छायाचित्रे, प्रात्यक्षिकांत सहभागी झालेल्या शेतकऱ्यांच्या याद्या, प्रशिक्षणार्थींची बँक खाती ही सारी सामग्री केंद्रांकडून संस्थांकडे आणि संस्थांकडून राजधानीकडे जात असते. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे माहिती केंद्र दिल्लीतील पुसा परिसरात, भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेत आहे. तेथून थोड्या अंतरावर नजफगढजवळच्या उजवा येथे दिल्लीचे कृषी विज्ञान केंद्र आहे. ते राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठान चालवते आणि या प्रतिष्ठानाची मुळे नाशिकच्या कांदापट्ट्यात आहेत. कांद्याच्या शेतातून निघालेला आकडा दिल्लीपर्यंत पोहोचतो तो अशाच संस्थात्मक नात्यांतून.

या प्रवासाच्या सुरक्षिततेची चर्चा बहुधा पासवर्ड किती लांब असावा आणि विषाणुरोधक प्रणाली कोणती घ्यावी, एवढ्यावरच थांबते. खरा प्रश्न त्याआधीचा आहे. ज्या सर्व्हरवरून या फाइली ये-जा करतात, त्याचा प्रशासक कोण, आणि त्याच्या एकट्याच्या हाती नेमके काय काय आहे? बहुतेक लहान कार्यालयांत या प्रश्नाचे उत्तर एकच असते : संगणक सांभाळणारी व्यक्ती, आणि तिच्या हाती सर्व काही. ही सोय दिसायला निरुपद्रवी आहे. पुढील विवेचनाचे म्हणणे असे की, फाइल-हस्तांतरण प्रणालीतील प्रशासकीय अधिकार एकवटलेले ठेवणे हा तांत्रिक नव्हे, तर कारभाराचा दोष आहे. तो दूर करण्यासाठी नवे सॉफ्टवेअर विकत घेण्यापेक्षा कार्यालयीन आदेशाची एक प्रत अधिक उपयोगी पडेल.

राजधानीतील एक धडा

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची संगणकीय व्यवस्था कोलमडली. खंडणीसाठी माहिती कूटबद्ध करणाऱ्या हल्ल्याने नोंदणी, दाखल, सुट्टी आणि प्रयोगशाळा अहवाल या सेवा ठप्प झाल्या. देशातील सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एक असलेल्या या संस्थेला सुमारे दोन आठवडे कागद-पेन्सिलीवर कारभार चालवावा लागला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध झाली, असे सरकारने नंतर संसदेत सांगितले. कारण म्हणून संगणक जाळ्याची अयोग्य विभागणी हा दोष नोंदवण्यात आला.

हा हल्ला फाइल-हस्तांतरण प्रणालीवरचा नव्हता आणि प्रशासकांच्या भूमिकांचा प्रश्न त्याचे अधिकृत कारण म्हणून पुढे आलेला नाही. तरीही त्यातील दोन गोष्टी येथे थेट लागू होतात. पहिली, जेथे आतल्या भिंती नसतात तेथे एका खोलीत लागलेली आग सर्व घर जाळते. दुसरी गोष्ट आशादायक आहे. तत्कालीन आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी डिसेंबर २०२२ मध्ये लोकसभेत सांगितल्याप्रमाणे, ई-हॉस्पिटलची माहिती बाधित न झालेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून परत मिळवता आली. जे वेगळे राहिले, तेच वाचले. जाळ्याला जो नियम लागू, तोच माणसांच्या अधिकारांना लागू आहे. सर्व दारांना चालणारी एकच किल्ली असेल, तर ती हरवण्याचा, चोरीला जाण्याचा किंवा तिचा मोह पडण्याचा एकच प्रसंग पुरेसा ठरतो.

शेतीच्या क्षेत्रातील दुसरा धडा

कृषी विस्ताराशी संबंधित वाचकांना अधिक जवळचे उदाहरण २०२० सालातील तमिळनाडूचे आहे. पंतप्रधान किसान सन्मान निधी योजनेत पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत मिळतात. त्या वर्षी तमिळनाडूत लाभार्थींची संख्या अचानक फुगली. चौकशीत सुमारे साडेपाच लाख अपात्र व्यक्तींची नोंदणी आणि ११० कोटी रुपयांचा अपहार समोर आला. कोणी हुशार हॅकरने दूरदेशी बसून ही करामत केलेली नव्हती. कृषी विभागातील अधिकाऱ्यांचे लॉगिन आणि पासवर्ड कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या व दलालांच्या हाती गेले होते. नाव भरणारा हात आणि नाव मंजूर करणारा हात कागदोपत्री वेगळे होते, प्रत्यक्षात मात्र एकच झाले होते.

या प्रकरणातून बहुतेकांनी 'पासवर्ड कोणाला देऊ नये' एवढाच बोध घेतला. तो बरोबर आहे, पण अपुरा आहे. अधिकारी आपला पासवर्ड सहायकाला का देतो, याचा विचार झाला पाहिजे. कामाचा बोजा मोठा असतो, मुदत जवळ आलेली असते आणि सहायकाला त्याच्या कामापुरते स्वतंत्र खाते प्रणालीत दिलेले नसते. मर्यादित अधिकाराचे खाते मिळाले नाही की अमर्याद अधिकाराचे खाते उसने घेतले जाते. म्हणून अधिकारांची नीट विभागणी हाच उसन्या पासवर्डावरचा खरा उपाय आहे. उपदेशाने जे साधत नाही, ते योग्य मापाच्या खात्याने साधते.

प्रशासक म्हणजे पाच निरनिराळी कामे

'प्रशासक' हा शब्द एकवचनी असल्याने ते काम एकाचेच आहे असा समज होतो. वास्तविक फाइल-हस्तांतरण प्रणालीच्या प्रशासनात किमान पाच स्वतंत्र अधिकार असतात :

१. वापरकर्त्यांची खाती उघडणे व बंद करणे.
२. कोणत्या फोल्डरात कोणाला वाचता, लिहिता किंवा पुसता येईल हे ठरवणे.
३. सर्व्हर चालता ठेवणे, त्यातील सॉफ्टवेअर अद्ययावत करणे आणि बॅकअप घेणे.
४. फाइलींतील मजकूर प्रत्यक्ष पाहणे व हाताळणे.
५. कोणी, केव्हा, कोणती फाइल घेतली, ठेवली वा पुसली याच्या नोंदी, म्हणजेच लॉग, पाहणे व जपणे.

यांतील प्रत्येक अधिकार आपापल्या जागी आवश्यक आहे. धोका जोड्यांमध्ये आहे. जो परवानगी ठरवतो, त्यालाच मजकूर पाहण्याचाही अधिकार असेल, तर तो स्वतःलाच स्वतःच परवानगी देऊ शकतो. जो सर्व्हर चालवतो, त्याच्याच ताब्यात नोंदी असतील, तर तो आपल्या कृतीचा माग पुसू शकतो. या दोन जोड्या फोडणे हे विभागणीचे सार आहे. उरलेले सर्व तपशील आहेत.

ही विभागणी करण्याची सोय आजच्या प्रणालींत आहे. मोठ्या संस्था वापरतात त्या मूव्हइट ट्रान्सफर या प्रणालीत संपूर्ण यंत्रणेचा प्रशासक, एका संस्थेचा प्रशासक, केवळ फाइलींचा प्रशासक, एका गटाचा प्रशासक आणि सामान्य वापरकर्ता अशा पायऱ्या आहेत. मुक्तस्रोत नेक्स्टक्लाउडमध्ये गटप्रशासक नेमता येतो. तो आपल्या गटातील वापरकर्त्यांचीच व्यवस्था पाहू शकतो, इतरांची नाही. लिनक्स सर्व्हरवर सर्वत्र आढळणाऱ्या ओपनएसएसएच या प्रणालीत प्रत्येक केंद्राला त्याच्या स्वतःच्या फोल्डरापुरते मर्यादित करता येते. त्या कुंपणाच्या मूळ फोल्डराची मालकी मुख्य प्रशासकाकडेच असावी आणि इतर कोणालाही तेथे लिहिता येऊ नये, अशी अट ती प्रणाली स्वतःच घालते. अट पाळली नाही, तर लॉगिनच होत नाही. सोय आहे, पण बहुतेक ठिकाणी ती स्थापनेच्या दिवशी जशी होती तशीच पडून असते, कारण भूमिका कोणाला द्यायच्या हे ठरवणे संगणकतज्ज्ञाचे काम नाही. ते कार्यालयप्रमुखाचे आहे, आणि त्याला ते आपले वाटत नाही.

येथे एक मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सॉफ्टवेअरच्या आत केलेली विभागणी त्या सॉफ्टवेअरच्या आतच बंधनकारक असते. ज्याच्याकडे सर्व्हरच्या मूळ यंत्रणेचा सर्वोच्च अधिकार आहे, तो भूमिकांना वळसा घालून तबकडीवरील फाइल थेट उघडू शकतो. सुरक्षित हस्तांतरणाची पद्धती फाइलीला प्रवासात कूटबद्ध ठेवते, मुक्कामी पोहोचल्यावर नाही. त्यामुळे ज्या फाइलींचा मजकूर सर्व्हर चालवणाऱ्यालाही दिसता कामा नये, त्या पाठवण्यापूर्वीच कूटबद्ध कराव्यात आणि त्यांची किल्ली निराळ्या मार्गाने पोहोचवावी. त्याचप्रमाणे नोंदींची प्रत घडेल त्या क्षणी दुसऱ्या, दुसऱ्याच्या ताब्यातील यंत्रावर जाईल अशी व्यवस्था करावी. या दोन उपायांशिवाय केलेली विभागणी दाराला कडी लावून खिडकी उघडी ठेवण्यासारखी आहे.

कल्पना परकी नाही

अधिकारांच्या विभागणीची ही कल्पना संगणकशास्त्रात जुनी आहे. सॉल्ट्झर आणि श्रोडर या दोन शास्त्रज्ञांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, प्रत्येकाला कामापुरताच अधिकार असावा आणि महत्त्वाचे कुलूप दोन किल्ल्यांनी उघडावे, ही तत्त्वे मांडली. १९९२ मध्ये फेरायोलो आणि कून यांनी व्यक्तीला नव्हे, तर भूमिकेला अधिकार देण्याची पद्धत सूत्रबद्ध केली. परंतु मराठी वाचकाला ही गोष्ट समजण्यासाठी इतक्या दूर जाण्याची गरज नाही.

पेशवाईच्या महसुली कारभारात मामलेदार किंवा कमाविसदार हा परगण्याचा अधिकारी असे, पण तो एकटा नसे. त्याच्यासोबत दिवाण, मजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस असे दरखदार असत. पोतनीस रोकड सांभाळी, मजुमदार हिशेब तपासी, फडणीस दफ्तराचे काम पाही. या दरखदारांना आपल्या मर्जीने दूर करण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. पैसा ज्याच्या हाती, हिशेब त्याच्या हाती नाही, आणि हिशेब तपासणारा पैसा बाळगणाऱ्याच्या कृपेवर अवलंबून नाही, ही त्या रचनेची मेख होती. ती व्यवस्था निर्दोष होती असे नाही, तिचे वंशपरंपरागत स्वरूप पुढे तिलाच बाधले. पण एका हाती सर्व किल्ल्या देऊ नयेत हे तिला ठाऊक होते.

शेतीच्या क्षेत्रात तर हे तत्त्व रोज पाळले जाते. १९६६ च्या बियाणे कायद्यानुसार बियाणे प्रमाणित करणारी यंत्रणा निराळी असते, उत्पादकाने स्वतःच्या पोत्याला स्वतः प्रमाणपत्राची निळी खूणचिठ्ठी लावायची नसते. अखिल भारतीय समन्वित चाचण्यांत अनेक पिकांच्या वाणांना सांकेतिक क्रमांक देऊन ते केंद्रांकडे पाठवले जातात. प्लॉटवर उत्पादन मोजणाऱ्याला तो कोणाचा वाण आहे हे कळू नये, यासाठी ही योजना असते. मोजणारा संशोधक अप्रामाणिक आहे असे तेथे कोणी मानत नाही. संशयाला जागाच राहू नये, एवढाच हेतू असतो. मग त्याच चाचणीचे आकडे ज्या सर्व्हरवरून जातात, तेथे सांकेतिक क्रमांकांची यादी आणि उत्पादनाचे आकडे या दोन्ही फोल्डरांचा प्रशासक एकच असेल, तर शेतात पाळलेली शिस्त सर्व्हरवर विरून जाते. कागदावरची गुप्तता जपून संगणकावरची विसरणे ही विसंगती आता परवडणारी नाही.

तीन आक्षेप

विभागणीविरुद्ध पहिला आक्षेप मनुष्यबळाचा आहे आणि तो खरा आहे. कृषी विज्ञान केंद्रात मंजूर पदेच १६ असतात, त्यांत संगणकाचा कार्यक्रम सहायक एक, आणि ते पद रिक्त असले तर तेही नाही. पाच भूमिका पाच जणांना देणे तेथे शक्य नाही. पण तशी गरजही नाही. वर सांगितलेल्या दोन घातक जोड्या फोडण्यास तीन व्यक्ती पुरतात आणि त्यांतील एक कार्यालयाबाहेरची असू शकते. शिवाय एकाच व्यक्तीला दोन कामे करावी लागली तरी दोन खाती निराळी ठेवता येतात : रोजच्या फाइलींसाठी साधे खाते आणि व्यवस्थेच्या कामासाठी प्रशासकीय खाते. रोजचे ईमेल आणि फाइली प्रशासकीय खात्यातून उघडण्याची सवय सुटली, तरी धोक्याचा मोठा भाग कमी होतो.

दुसरा आक्षेप निकडीचा आहे. टोळधाड, अवकाळी पाऊस किंवा लष्करी अळीचा अचानक प्रादुर्भाव झाला की अहवाल तासाभरात हवा असतो, तेव्हा परवानगी देणारा रजेवर असला तर काय? याचे उत्तर नियम सैल करणे हे नसून आणीबाणीची किल्ली आधीच तयार ठेवणे हे आहे. सर्वोच्च अधिकाराच्या खात्याचा पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात प्रमुखाच्या तिजोरीत असावा. लिफाफा फोडला की त्याची लेखी नोंद व्हावी, काम संपताच पासवर्ड बदलावा आणि नवा लिफाफा बंद व्हावा. अपवादाला वाट असली की नियम मोडण्याचे निमित्त उरत नाही.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सॉफ्टवेअरमध्येच भगदाड असेल, तर भूमिकांची विभागणी काय कामाची? मे २०२३ च्या अखेरीस नेमके हेच घडले. वर उल्लेखिलेल्या मूव्हइट ट्रान्सफरमधील एका त्रुटीचा फायदा घेऊन क्लॉप या खंडणीखोर टोळीने जगभरातील दोन हजारांहून अधिक संस्थांची माहिती पळवली. भूमिकांच्या साऱ्या पायऱ्या ओलांडून चोर थेट माहितीच्या कोठारात पोहोचले. तेव्हा विभागणी म्हणजे सर्वरोगहारी औषध नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. सॉफ्टवेअर तातडीने अद्ययावत करण्याला पर्याय नाही.

तथापि त्याच घटनेचा तपशील विभागणीच्या बाजूनेही साक्ष देतो. चोरांनी पेरलेल्या छुप्या कार्यक्रमात 'हेल्थ चेक सर्व्हिस' अशा निरागस नावाचे खाते निर्माण करण्याची सोय होती. वरवर पाहणाऱ्याला ते यंत्रणेचेच एखादे अंगभूत खाते वाटावे. जेथे खाती उघडणारा आणि नोंदी पाहणारा एकच असतो, तेथे असे खाते महिनोन्महिने नजरेआड राहू शकते. जेथे दुसरी व्यक्ती खात्यांची यादी कार्यालयीन आदेशांशी ताडून पाहते, तेथे 'हे खाते कोणाच्या आदेशाने उघडले?' हा प्रश्न निघतोच. जानेवारी २०२४ मध्ये गोएनीव्हेअर या दुसऱ्या फाइल-हस्तांतरण प्रणालीतील अशीच त्रुटी जाहीर झाली. तिच्यामुळे बाहेरच्या व्यक्तीला प्रशासकीय दालनातून थेट नवा प्रशासक निर्माण करता येत होता. ज्यांनी ते दालन सार्वजनिक इंटरनेटपासून दूर, केवळ कार्यालयाच्या आतल्या जाळ्यावर ठेवले होते, त्यांचा धोका त्या मानाने कमी होता. फाइली ठेवण्या-घेण्याचे दार आणि व्यवस्था बदलण्याचे दार एकाच ओसरीवर नसावे, हा त्यातून निघणारा नियम आहे.

लहान केंद्रासाठी किमान आराखडा

कोणत्याही कृषी विज्ञान केंद्राला, संशोधन उपकेंद्राला किंवा शेतकरी उत्पादक कंपनीला पुढील व्यवस्था जादा खर्चाशिवाय करता येईल.

प्रमुखाने मंजुरी द्यावी, पण त्याच्याकडे तांत्रिक प्रशासकीय खाते नसावे. कोणते खाते उघडायचे, कोणत्या फोल्डराची परवानगी कोणाला, हे त्याच्या लेखी आदेशाने ठरावे. संगणक सहायकाने तो आदेश अमलात आणावा आणि सर्व्हर चालवावा. गोपनीय फोल्डरांतील मजकूर मात्र त्याला कूटबद्ध रूपातच दिसावा. फाइलींची मालकी त्या त्या विषय विशेषज्ञाकडे असावी : मृदा तपासणीची मृदाशास्त्रज्ञाकडे, पीक संरक्षणाची पीक संरक्षण तज्ज्ञाकडे. नोंदींची प्रत केंद्राबाहेर जावी, शक्यतो यजमान संस्थेकडे किंवा विभागीय अटारीकडे. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यातील केंद्रांसाठी ती अटारी पुण्यात आहे, दिल्लीतील केंद्र जोधपूरच्या अटारीच्या कक्षेत येते. वर्षातून दोनदा, खरीप आणि रब्बी हंगामाच्या आरंभी, खात्यांची पूर्ण यादी आदेशांशी ताडून पाहावी. बियाण्याची उगवणक्षमता पेरणीपूर्वी तपासतात, त्याच वेळी परवानग्यांचीही तपासणी झाली तर ती विसरली जाणार नाही.

या आराखड्यातील सर्वांत दुर्लक्षित बाब बदलीची आहे. अधिकारी बदलून जातो तेव्हा कपाटाच्या किल्ल्या, जडवस्तू नोंदवही आणि वाहनाची कागदपत्रे यांचा कार्यभार रीतसर सोपवला जातो. लॉगिन मात्र कोणी सोपवत नाही आणि कोणी बंदही करत नाही. प्रकल्प संपून गेलेल्या कंत्राटी सहायकाचे खाते वर्षानुवर्षे चालू राहते. कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत 'प्रणालीवरील खाती व अधिकार' ही एक ओळ वाढवली आणि ती भरल्याशिवाय कार्यमुक्तीचा आदेश निघणार नाही असे ठरवले, तर एका सहीत मोठे काम होईल.

कायद्याची बाजू

ही केवळ सदिच्छेची बाब राहिलेली नाही. संगणकीय आणीबाणीला प्रतिसाद देणारी केंद्र सरकारची संस्था 'सर्ट-इन' हिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, सायबर घटनेची माहिती ती लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. सर्व यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली हवीत, असेही त्यात आहे. ही प्रयोगशाळा दिल्लीत पुसा परिसराच्या शेजारीच आहे. घड्याळाची अट वरकरणी किरकोळ वाटते. पण दोन सर्व्हरांच्या वेळेत दहा मिनिटांचा फरक असेल, तर फाइल आधी पुसली की खाते आधी उघडले, हे सिद्ध करता येत नाही. नोंद आणि वेळ यांखेरीज विभागणीला पुरावा नाही.

११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने, माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. शेतकऱ्याचा आधार क्रमांक, गट क्रमांक, बँक खाते आणि कर्जाचा तपशील ही या कायद्याच्या अर्थाने वैयक्तिक माहिती आहे. ती बाळगणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनी हे लक्षात घेतले पाहिजे, कारण तेथे संचालक, व्यवस्थापक आणि संगणक चालवणारा तरुण हे तिघेही बहुधा एकच लॉगिन वापरतात.

विचारण्याचा अधिकार

विस्तार कार्यकर्ता हा या साखळीतील सर्वांत अलीकडचा दुवा आहे. शेतकऱ्यासमोर उभा राहून माहिती मागणारा तोच असतो, आणि ती माहिती भलत्या हाती गेली तर गावात तोंड दाखवण्याची वेळही त्याच्यावरच येते. म्हणून यादी वर पाठवण्याआधी त्याने तीन प्रश्न विचारणे उचित ठरेल : ही फाइल कोणाला दिसेल? ती केव्हा पुसली जाईल? ती कोणी पाहिली, हे कोठे नोंदले जाईल? उत्तरे मिळत नसतील तर त्यातून प्रश्न विचारणाऱ्याचा उद्धटपणा दिसत नाही, व्यवस्थेची उणीव दिसते. प्रगतिशील शेतकऱ्यानेही आपली माहिती देताना हेच विचारावे. माती परीक्षणासाठी नमुना देताना तो प्रयोगशाळेचे नाव विचारतोच, माहितीचा नमुना देताना तिच्या कोठाराचे नाव विचारण्यात गैर काही नाही.

या चर्चेत एक गैरसमज दूर होणे अगत्याचे आहे. अधिकारांची विभागणी म्हणजे संगणक सहायकावर अविश्वास, असे अनेकांना वाटते आणि त्यामुळे सौजन्यापोटी हा विषय टाळला जातो. वस्तुस्थिती उलट आहे. ज्याच्या हाती सर्व किल्ल्या असतात, त्याच्यावरच काही हरवताच पहिला संशय येतो आणि निर्दोष असल्याचे सिद्ध करण्यास त्याच्याजवळ काहीच नसते, कारण नोंदीही त्याच्याच ताब्यात असतात. विभागणीमुळे प्रामाणिक माणसाला साक्षीदार मिळतो. अल्प मानधनावर, बहुधा कंत्राटी तत्त्वावर काम करणाऱ्या या तरुणांवर संस्थेच्या साऱ्या गुपितांचे ओझे टाकणे आणि मग त्यांच्याकडे संशयाने पाहणे हा अन्याय आहे.

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी, अशी म्हण शेतकऱ्यांनीच रचली आहे. तिचे उत्तरही शेतकऱ्याला ठाऊक आहे : कुंपण एकाने घालावे, राखण दुसऱ्याने करावी आणि खळ्यावरचे माप तिसऱ्याच्या डोळ्यांदेखत व्हावे. फाइलींच्या खळ्यावर हा रिवाज आणण्यासाठी दिल्लीहून परिपत्रक येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या हंगामाच्या नियोजन बैठकीत प्रत्येक केंद्रप्रमुखाने 'प्रशासकीय अधिकारांची विभागणी' हा एक विषय कार्यसूचीवर घ्यावा, खात्यांची यादी मागवावी आणि प्रत्येक नावापुढे ते कोणाच्या आदेशाने उघडले गेले हे लिहून घ्यावे. ज्या नावापुढे उत्तर लिहिता येणार नाही, ते खाते त्याच दिवशी बंद करावे.